छपराचे चार आकडे

१२ मे, रविवार. आज दुपारी साडेतीनला वेधशाळेचं छप्पर बांधायला घेतलं. दौलताबादच्या बाजूनं आभाळ पिवळट काळं झालं होतं, लिंबाचं पान हलत नव्हतं, आणि पडेगावातली कुत्री एकदम गप्प झाली होती. असं झालं की तासाभरात वावधान सुटतं. तुला ते बॅरोमीटर बघून कळायचं, मला कुत्र्यांवरून.

अक्का, तू गेल्याला आज एकवीस दिवस झाले. कधी, कशानं, कुठं हे पेपरात छापून आलं, शाळेतल्या शोकसभेत वाचून दाखवलं गेलं. ते मी परत लिहिणार नाही. मला तुझ्याशी छपराबद्दल बोलायचं आहे. ज्या एका गोष्टीवर आपण दोघी बहिणी वर्षानुवर्षं नेमानं भांडलो ती ही. त्या भांडणातली एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. ती लपवल्यामुळं तुझं शेवटचं वर्ष कसं गेलं ते मी रोज समोर बसून पाहिलं, आणि तरी बोलले नाही. आज बोलते.

घरामागची ती दहा बाय दहाची विटांची खोली. तू तिला वेधशाळा म्हणायचीस, गल्ली ‘मॅडमची दुर्बीण’ म्हणायची, आणि मी, तुला चिडवायचं असलं की, खुराडं. वर पत्र्याचं छप्पर, लोखंडी सांगाड्यावर, खाली फाटकाला असतात तशी चाकं. भिंतीवरचे रूळ मागं वाढवून दोन खांबांवर टेकवलेले. ढकललं की अख्खं छप्पर मागं जायचं आणि खोली आभाळाला उघडी. चार कोपऱ्यांना चार आकडे. आकडा भिंतीतल्या कडीत अडकवायचा आणि मधला स्क्रू फिरवून ताण द्यायचा. तुझं म्हणणं, चार आकडे पुरेत. माझं म्हणणं, जे छप्पर सरकतं ते उडतंही. वर दगड पाहिजेत.

आपल्या गावी, पिशोरला, सगळ्यांच्या पत्र्यावर दगड असायचे. बाबा उन्हाळा लागला की नदीतले धोंडे आणून ओळीनं मांडायचे, वर एक फुटकं जातं आणि कुणाचं तरी टाकलेलं टायर. तेच मी तुला सांगितलं, तेव्हा तू वर्गात नकाशा उलटा धरलेल्या मुलीकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलंस.

“वारा पत्र्याला दाबत नाय सरे, उचलतो. वरून वाहतो तेव्हा ओढतो, आत शिरला की ढकलतो. तुझे दगड आधी खाली पडतील, दुर्बिणीवर.”

“पिशोरात कुणाचं छप्पर उडालं ते सांग.”

“बाबांचं. दोनदा. दगडासकट.”

मग तू खडू घेऊन आतल्या भिंतीवर गणित मांडलंस. एवढा पत्रा, एवढा वारा, एवढी ओढ. शेवटी म्हणालीस की नुसत्या वजनानं धरून ठेवायचं तर वर दोन बैल उभे करावे लागतील.

“मग कर उभे. कडबा मी आणते.”

तू हसली नाहीस. आठ दिवसांनी जेवताना एकदम हसलीस, कडबा आठवून. भाकरी घशात अडकली आणि मला पाठीत थापट्या माराव्या लागल्या. तुझं सगळंच असं, ताऱ्याचा प्रकाश निघाल्यावर वर्षांनी पोचावा तसं.

वाळूजच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. नटबोल्ट, साखळ्या, पट्टे, कशाला किती ताण सोसतो हे मला पुस्तकाशिवाय कळतं. म्हणून तुझ्या चार आकड्यांवर माझा विश्वास नव्हता, आणि तुझा माझ्या दगडांवर. सोळा वर्षं दर एप्रिलात हेच. आता वाटतं, दोघींनाही ते संपवायचं नव्हतं. घरात दुसरं बोलायला होतंच काय? तू आभाळातलं बोलायचीस ते मला कळत नव्हतं. मी स्टोअरमधलं बोलायचे ते तू ऐकत नव्हतीस. छप्पर तेवढं दोघींचं होतं.

दुर्बिणीतला आरसाही दोघींचा. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, तेही आजच उरकते.

मी सासर सोडून आले त्या उन्हाळ्यात तू मला काही विचारलं नाहीस. सगळ्यांनी विचारलं. मामीनं दारातच विचारलं, बाबांनी रडत विचारलं, शेजारणींनी भाजीच्या निमित्तानं. तू म्हणालीस, “हात धुऊन ये.” अंगणात पत्र्याचं रिकामं पिंप वाळू भरून उभं केलं होतंस, त्यावर काचेची एक जाड चकती घट्ट बसवलेली, वर दुसरी. मध्ये घासायची पूड आणि पाणी. वरची काच पुढं-मागं ढकलायची, थोडी फिरवायची, पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. परत ढकलायची. खालची काच फुगत जाते, वरची खोल होत जाते, आणि ती खोल झालेली काच म्हणजे आरसा.

“किती वेळ?” मी विचारलं.

“सुट्टी संपेपर्यंत.”

“आणि नाही झाला तर?”

“मग दिवाळीची सुट्टी हाय की.”

दीड महिना मी त्या पिंपाभोवती फिरले. सकाळी तू, दुपारी मी. पहिल्यांदा पूड जाड होती, काच करकर ओरडायची. ती बारीक होत गेली तसा आवाजही बारीक झाला. मी इतकी पावलं चालले की पिंपाभोवती पायवाट पडली. रडायला मला वेळच मिळाला नाही, कारण रडताना हात थरथरतो आणि हात थरथरला की काचेला चर पडतो, असं तू आधीच सांगून ठेवलं होतंस. खरं होतं का गं ते? मी कधी विचारलं नाही. शेवटी लाल पुडीनं झिलई केली, आणि तू ती काच उन्हात धरून भिंतीवर तिचा कवडसा पाडून दाखवलास. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता मी इथंच राहते. मी तसं म्हटलं नाही. तूही म्हटलं नाहीस. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळं कपाट आणलंस.

असं हे घर. आता त्यात मी एकटी आहे. दोन कप मांडायची सवय तीन दिवसांत मोडली, मला सवयी पटकन मोडता येतात. पण संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळेचं काय करायचं ते कळत नाही. त्या वेळेला तू अंगणात उभी राहून आभाळ तपासायचीस आणि आतल्या मला उगाचच सांगायचीस, “आज स्वच्छ हाय.” मी म्हणायचे, “बरं.” एवढंच. हे ‘बरं’ म्हणायला आता कुणी लागत नाही.

आता मुद्द्यावर येते.

माझ्या दृष्टीनं त्या छपराचा एकच खरा उपयोग होता, वाळवण. गच्चीवर वानरं येतात. तापलेल्या पत्र्यावर वानर पाय ठेवत नाही. पत्र्यावर एका दिवसात सगळं खडखडीत वाळतं. एका वर्षी मी मिरच्या घातल्या. चार बिया पत्र्याच्या फटीतून खाली पडल्या, कुठं पडल्या ते तुला शनिवारी कळलं. दर शनिवारी दुर्बिणीतून बघायला येणाऱ्या शाळेतल्या पोरी रांगेत उभ्या, तू त्यांना आधी नीट लावून देते म्हणून भिंगाला डोळा लावलास आणि अशी किंचाळलीस की पोरींना वाटलं मॅडमना धूमकेतू दिसला. डोळा दोन दिवस लाल. रईसा बाजी तर भिंतीला टेकून हसत होत्या. तुझ्याबरोबर शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं त्यांनी, दर शनिवारी छावणीतून रिक्षानं यायच्या, आणि तुझी थट्टा करायचा हक्क त्यांना आणि मला दोघींनाच होता.

“आज के बाद तू मंगल ग्रह मत देख,” त्या म्हणाल्या. “वो भी लालच है.”

त्या दिवसापासून तू बंदी घातलीस. “ही वेधशाळा हाय सरे, वाळवणाचं छप्पर नाय. परत काही घातलेलं दिसलं तर मी ते रस्त्यावर ओतीन.” आणि तू ओतलं असतंस. म्हणून पुढं मी जे केलं ते तुझ्या माघारी केलं.

गेल्या वर्षी एप्रिलातला एक रविवार. शनिवारी संध्याकाळी पोरी येऊन गेल्या होत्या, तू छप्पर बंद करून चारही आकडे लावले होतेस. रविवारी सकाळी तू रईसा बाजींकडं गेलीस, संध्याकाळी येते म्हणून. माझे गहू बुधवारपासून भिजत होते, चीक रात्रीच काढून ठेवला होता. तू रिक्षात बसलीस आणि मी चीक शिजवायला घेतला. लिंबाची सावली पुढच्या अर्ध्या पत्र्यावर येते, म्हणून छप्पर चार फूट मागं सरकवलं. सरकवायचं तर आकडे सोडावे लागतात. चारही सोडले. दुर्बिणीवर तिचा कपडा नीट गुंडाळला, स्टूल लावलं आणि पत्र्यावर धोतर पसरून कुरडया घातल्या. पांढऱ्याशुभ्र, हाताएवढ्या.

चारला आभाळ भरून आलं. मी पळत सुटले. कुरडया गोळा केल्या, छप्पर पुढं ढकललं, दोन्ही हातांत परात धरून घरात आले. डबा काढला, थर लावले, मध्ये कागद घातले, तू यायच्या आत डबा माळ्यावर सरकवला. आकडे लावायचे राहिले. ते लक्षातही आलं नाही. पावणेपाचला मागं असा आवाज झाला की ट्रक धडकला असं वाटलं. जाऊन बघते तर छप्पर लिंबाच्या बुंध्याशी उभं, सांगाडा वाकलेला, जाताना त्यानं दुर्बिणीची नळी आडवी केलेली, आणि आपण दोघींनी घासलेल्या आरशावर पाऊस पडत होता.

कुरडया वाचल्या होत्या.

तू भिजत आलीस. आधी आरसा पदरानं टिपलास. मग आकडे एकेक करून बोटांनी चाचपलेस.

“मी लावले होते,” तू म्हणालीस.

मग परत चाचपलेस. “एकही वाकला नाय. कडीला ओरखडासुद्धा नाय. लावले असते तर वाकले असते.” आणि माझ्याकडं वळलीस. “काल लावले होते ना गं मी? मला चारही आठवायलेत. तिसऱ्याचा स्क्रू कडक होता, तो मी पक्कडीनं फिरवला.”

तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या हाताला चिकाचा वास येत होता. मी म्हटलं, “राहिले असतील. वय झालं आता, अक्का.”

तू माझ्याकडं बघत राहिलीस. मग आकड्याकडं. तू शास्त्राची बाई. समोर पुरावा होता आणि पुराव्याविरुद्ध फक्त तुझी आठवण. तू पुरावा मानलास. “व्हय,” म्हणालीस. “असेल.”

छप्पर पंधरा दिवसांत सरळ करून घेतलं. वेल्डरला मी स्वतः उभं राहून सांगितलं, आकडे तेच ठेव, ते शाबूत आहेत. आरसा मुलामा करायला पाठवला, तोही परत आला, कडेला एक डाग राहिला तेवढा. सगळं दुरुस्त झालं, तू सोडून. वेधशाळेची किल्ली तू माझ्या हातात ठेवलीस. “ही तुझ्याकडं राहू दे. मी एकटीनं आता उघडायची नाय.” तुझ्या उशाशी चिठ्ठ्या दिसायला लागल्या: गॅस बंद, नळ बंद, मागचं दार. जेवण झाल्यावर विचारायचीस, “मी गोळी घेतली का?” ती गोळी कशाची ते मी पाकिटावर वाचलं. स्मरणशक्तीसाठी. तुझ्या स्मरणशक्तीसाठी! पहिल्या वर्षीच्या आठवीच्या वर्गाची हजेरी तू पोळ्या लाटताना क्रमानं म्हणून दाखवायचीस, गैरहजर कोण असायची त्यासकट.

शनिवारी मी कारखान्यातून साडेसहाला यायचे. तू अंगणात खुर्ची टाकून बसलेली.

“उघडायचं का गं?”

“आज दमलेय, अक्का.”

“राहू दे मग.”

वर्षभरात फार तर दहा-बारा वेळा उघडलं असेल. पोरी यायच्या बंद झाल्या. रमजान संपत आला की संध्याकाळी गल्लीतली सगळी घरं आपल्या अंगणात जमायची चंद्रकोर बघायला, आणि तू घड्याळ बघून म्हणायचीस, “आज नाय दिसायची, उद्या या,” आणि कुणीतरी म्हणायचंच, “मॅडम, आप का हिसाब अपनी जगे, हमारा चाँद अपनी जगे.” या वर्षी ते आले तेव्हा तू म्हणालीस, “किल्ली सरूकडं हाय.” आणि मी कारखान्यात जादा कामाला थांबले होते.

एकदा सांगणार होते. दिवाळीत. तू ताटावर बसली होतीस, मी तुझ्या ताटात कुरडई वाढली. तू म्हणालीस, “या वर्षी लई पांढऱ्या झाल्या.” मी म्हटलं, “अक्का, ऐक.” तू म्हणालीस, “बरं झालं तू हायेस. एकटी असते तर मी घरच उडवून बसले असते.” त्यानंतर माझं तोंड उघडलं नाही. कारण तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते: कुणाला तरी माझी गरज लागते हे मला आवडलं. आयुष्यभर मीच तुझ्या आधारानं राहिले होते. आता तू माझ्या. ही गोष्ट लिहायला सगळ्यात जड गेली.

तेराव्याला तुझ्या शाळेतल्या सगळ्या आल्या. त्याच डब्यातल्या उरलेल्या कुरडया तळल्या. रईसा बाजी बायकांना सांगत होत्या, अगदी मायेनं, “आखिरी साल में भूलने लगी थी बेचारी. पर्ची लिख लिख के रखती थी.” मुख्याध्यापिकेनं मान हलवली. शोकसभेतही तेच आलं होतं, ‘अखेरच्या काळात विस्मरणाशी झुंज’. मी आग्रह करून वाढत होते. तुझ्याबद्दल आता लोकांच्या मनात हेच राहणार, आणि ते खोटं आहे हे माहीत असलेली पृथ्वीवर मी एकटी.

माझ्याकडं एक पळवाट होती, तीही तुला सांगते. वर्षभर मी स्वतःला सांगत आले की तो वारा असा होता की आकडे असते तरी छप्पर गेलंच असतं. चार आकड्यांवर माझा विश्वास नव्हताच ना. म्हणजे सोडले काय आणि लावले काय, एकच. तू विसरलीस असं तुला वाटलं ते चुकीचं, पण नुकसान काही माझ्यामुळं नाही. या वाक्यावर मी वर्ष काढलं.

आज चारला धूळ उठली. चारही आकडे लावून झाले होते. तिसऱ्याचा स्क्रू अजून कडक आहे, पक्कड घ्यावी लागली. तरी भरवसा नव्हता म्हणून स्टोअरमधला माल बांधायचा पट्टा आणून ठेवला होता. एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं छपरावरून पलीकडं फेकलं, आणि वाऱ्यानं ते वरच्या वर उचलून लिंबात नेऊन अडकवलं. काढायला वेळ नव्हता. मी आत शिरले, दार लावलं आणि तुझ्या स्टुलावर बसून आकड्यावर हात ठेवला. हात ठेवून काय होणार होतं? पण ठेवला.

पहिला झोत आला तेव्हा पत्रा नुसता वाजला. दुसऱ्याला भिंतीवरची धूळ माझ्या डोक्यावर पडली. तिसऱ्याला छप्पर उठलं. अक्का, मी डोळ्यांनी बघितलं. बोटभर उठलं, चारही बाजूंनी उजेडाची रेघ दिसली, माझ्या हाताखालचा आकडा तंबोऱ्याच्या तारेसारखा थरथरला आणि छप्पर खाली बसलं. परत उठलं, परत बसलं. वारा दाबत नव्हता, उचलत होता, तू सांगितलंस तसाच. वीस मिनिटं हे चाललं. गारा पडल्या, लिंबाची फांदी पत्र्यावर आपटली. मी मोठ्यानं ‘सुटेल, सुटेल’ म्हणत होते. काही सुटलं नाही.

पाऊस थांबल्यावर बाहेर आले. रस्त्यापलीकडच्या गॅरेजचं अख्खं शेड उडून चौकात पडलं होतं. गेल्या वर्षी ते शेड जागचं हललं नव्हतं. म्हणजे आजचा वारा त्या दिवशीच्या वरचा. आपल्या छपराला काही झालं नाही. दुर्बिणीवर थोडी धूळ होती. आकडे किंचित ओढले गेले आहेत, आणि कड्यांना आता ओरखडे आहेत.

चार पुरेत. तुझं बरोबर होतं. त्या दिवशी तू लावलेले मी सोडले नसते तर छप्पर गेलं नसतं, आरसा भिजला नसता, आणि तुझं डोकं ठिकाणावर आहे की नाही याची शंका तुला शेवटच्या दिवसापर्यंत आली नसती. भांडण तू जिंकलीस आणि ऐकायला तू नाहीस. लाइट गेली आहे. मी ओट्यावर बसून, उजेड आहे तोवर हे लिहिते आहे. रडायला आलं नाही. यायला हवं होतं असं वाटतं.

१३ मे, सोमवार. सकाळी साडेसहाला छावणीत रईसा बाजींकडं गेले. त्या ओसरीवर परात मांडीवर घेऊन गहू निवडत होत्या.

“क्या सरू, इतनी सुबू? छप्पर गया क्या फिर?”

“छप्पर आहे. बाजी, मागच्या वर्षी उडालं तेव्हा आकडे मी सोडले होते. कुरडया घातल्या होत्या वर. अक्कानं लावले होते. ती काही विसरली नव्हती, ना तेव्हा, ना कधी.”

त्यांचा हात गव्हात फिरत राहिला. दोन खडे काढले, बाजूला टाकले. मग हात थांबला.

“वो बोली थी मेरेकू,” त्या म्हणाल्या. “इधरिच बैठ के. रईसा, मैं लगाई थी, मेरेकू याद है, पक्कड़ से फिराई थी. मैं क्या बोली मालूम? मैं बोली, जाने दे ना, होता है इस उमर में.” चष्मा काढून त्यांनी ओढणीनं पुसला, परत लावला नाही. “मैंच डॉक्टर के पास ले गई थी उसकू. मैं.”

हे मला माहीत नव्हतं.

“उसकू कायकू नै बोली तू?”

“आधी कुरडयांसाठी. मग उशीर झाला म्हणून.”

“कुरडयाँ.” त्यांनी तो शब्द तोंडात धरून बघितला. मग आवाज चढला. “पूरा साल, सरू! वो पर्चियाँ लिखती बैठी, मैं उसकू बच्ची के जैसा समझाती बैठी, और तू देखती बैठी? इस्कूल में कौन बोलेगा अब? सब जने क्या समझ के बैठे उसकू?”

“मी सांगणार. आजच. सुट्टी असली तरी दहाला शाळेचं ऑफिस उघडतं.”

“हौ, तूच बोलेगी.” त्यांनी परात मांडीवरून खाली ठेवली. “और मेरेकू क्या सुना रही? उसकू सुनाना था.”

“तिला काल लिहून सांगितलं.”

मला वाटलं आता त्या हाकलून देतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बिनचष्म्याच्या, उघड्या डोळ्यांनी, आणि खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “क्या बोली?”

“काही नाही,” मी म्हटलं.

बाजींनी मान हलवली. कोपऱ्यावर मला कामावर नेणारी कंपनीची बस येऊन थांबली, दोनदा हॉर्न दिला. मी उठले नाही.